चार नंबरच्या मागाची टोचणी

भरतेश मगदूमने अन्वर मोमीनला कॅरममध्ये पंचवीस-शून्य असं हरवलं.

असं काही झालेलं नाही. दोघांचंही तसं ठरलं आहे, त्यामुळे आपणही वरचं वाक्य वाचलंच नाही असं धरू आणि पुढे जाऊ.

वस्तुस्थिती अशी की, गेली एकोणीस वर्षं दर शुक्रवारी दुपारी चार वाजता इचलकरंजीत, अन्वरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत, भरतेश कॅरम हरतो. शुक्रवार हा मागांच्या सुट्टीचा वार. गाव झोपतं, बाजार करतं, सासुरवाडीला जातं. भरतेश हरायला जातो. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. जिंकायला नुसता नेम लागतो. हरायला नेम लागतोच, शिवाय अभिनय लागतो. सोंगटी भोकाच्या तोंडाशी न्यायची, अर्धा इंच अलीकडे थांबवायची आणि मग कपाळावर हात मारून घ्यायचा, हे सरावाशिवाय जमत नाही. त्या सरावासाठी भरतेशने घरी वेगळा बोर्ड आणून ठेवला होता.

अन्वरला डावा डोळा नाही. म्हणजे आहे, पण काचेचा, आणि उजव्यापेक्षा थोडा जास्त प्रामाणिक दिसणारा. "घड्याळवाल्याला एकच डोळा लागतो," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "बाकीचे दुसरा मिटून बसतात. माझी तेवढी मेहनत वाचते." भरतेशला तो 'पंच' म्हणायचा. का, ते भरतेशने कधी विचारलं नव्हतं. फाउलवरून आपण वाद घालतो म्हणून असेल, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

डोळा गेला दोन हजार अठरा साली, दोघं वीस वर्षांचे असताना, भरतेशच्या वडिलांच्या शेडमध्ये. चार नंबरचा माग दोन दिवस अडखळत होता. मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा असतो, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला, हातभर लांब, मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्या मारणारा. तो धोटा वाकडा सुटत होता. वडील म्हणाले, "भरत, जॉबरला बोलवून तेवढं बघून घे." जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. भरतेश हो म्हणाला आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या फायनलला निघून गेला. खेळायला नव्हे. तो राखीव पंच होता. राखीव पंचाची गरज पडली नाही, कधीच पडत नाही. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "जॉबर येऊन गेला काय?" भरतेश म्हणाला, "गेला."

एवढंच. एक शब्द. रात्रपाळीला चार नंबरवर अन्वर होता.

तो एक शब्द भरतेशने आजवर कुणालाही सांगितला नव्हता. वडील वारले, माग भंगारात गेले, धोट्याचे खटके जाऊन हवेच्या झोतावर चालणारे मुके माग आले, भरतेशचं लग्न झालं; शब्द आपला पोटात तिथंच. दर वर्षी दशलक्षण पर्व संपलं की जैनांत क्षमावणी येते. त्या दिवशी ओळखीच्या प्रत्येकाला 'उत्तम क्षमा' म्हणायचं, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा म्हणायचं. भरतेश त्या दिवशी पहिला अन्वरकडे जायचा. यात एक सोय होती: काय चुकलं ते सांगावं लागत नाही. भरतेश म्हणायचा, "कळत-नकळत काही चुकलं असंल तर उत्तम क्षमा." अन्वर म्हणायचा, "केली. पावडर टाक." अशा अठरा ठोक माफ्या त्याच्याकडे जमा होत्या आणि एकही लागू पडत नव्हती.

तर अशी सगळी व्यवस्था नीट बसलेली असताना गावात विज्ञान महोत्सव आला.

मुलांसाठी दिवसाचे कार्यक्रम होतेच. पण समितीचे अध्यक्ष सदलगे सर, भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, यांना वाटलं की मोठ्यांनाही कुठेतरी जायला मिळावं. त्यांनी एका बंद पडलेल्या माग-शेडवर स्वतःच्या हाताने फलक रंगवला: 'विज्ञानसंध्या. फक्त प्रौढांसाठी. वेळ सहा ते नऊ.' या फलकाचा गावाने जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पहिल्या तासात चाळीसेक पुरुष तोंडाला रुमाल बांधून आत शिरले. आत त्यांना द्रव नायट्रोजनची कुल्फी, 'आपल्या दाढीतले जिवाणू पाहा' आणि 'वरातीचा बँजो व आपला कान' असे तंबू दिसले. पण लगेच बाहेर पडावं तर आपण कशासाठी आलो होतो ते उघड होणार, म्हणून सगळे तीन तास थांबले. महोत्सवाचा तो आजवरचा सर्वांत यशस्वी कार्यक्रम ठरला.

भरतेश मात्र उघड्या तोंडाने आणि बायकोसोबत आला होता. त्रिशला शाळेत गणित शिकवायची आणि सदलगे सरांची विद्यार्थिनी होती. ती दाढीच्या रांगेत उभी राहिली. "तुला कुठं दाढी आहे?" भरतेशने विचारलं. "तुमची दाखवते," ती म्हणाली आणि त्याच्या हनुवटीवरून कापसाचा बोळा फिरवून घेतला. तिचं तिथं चांगलंच रमलं, म्हणून भरतेश एकटाच पुढे सरकला आणि शेडच्या टोकाला पोचला. तिथे पडद्याआड एक दंतवैद्याकडे असते तसली खुर्ची होती आणि वर पाटी होती: 'निःशल्य'. नाव सरांनी ठेवलेलं. गावाने तासाभरात त्याचं 'टोचणी-काढू खुर्ची' करून टाकलं होतं. खाली बारीक अक्षरात सूचना: 'कृपया लहान टोचणी आणावी. मोठ्या टोचण्या स्वीकारल्या जाणार नाहीत.'

खुर्चीपाशी पुण्याहून आलेल्या डॉ. केतकी हर्डीकर होत्या. तिशीच्या, उत्साही, गळ्यात ओळखपत्र. त्या प्रत्येकाला तेच तितक्याच आनंदाने सांगत होत्या.

"आठवण म्हणजे कपाटात घडी घालून ठेवलेलं कापड नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आठवता ना, तेव्हा मेंदू ते कापड उसवतो आणि पुन्हा विणतो. प्रत्येक वेळी. विणलेलं घट्ट व्हायला नवी प्रथिनं लागतात, काही तास लागतात. तोवर आठवण कच्ची असते. हे जुनंच संशोधन आहे. नवीन एवढंच, की त्या कच्च्या वेळात आम्हाला एक धागा गाळता येतो."

"कुठला?"

"चुकीचं काही आठवलं की पोटात खड्डा पडतो ना? तो पोटात पडत नाही. कानाच्या वर, मेंदूच्या एका घडीत आत दडलेली जागा आहे, तिथं पडतो. आम्ही तिथं ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा झोत टाकतो, दोन्ही बाजूंनी. वीस मिनिटं त्या जागेला डुलकी लागते. आठवण पुन्हा विणली जाते, काय घडलं, कुठं, कोण होतं, सगळं. फक्त टोचणीचा रंग घालणारा कामगार तेवढा जागेवर नसतो."

भरतेशची नोकरी कापड तपासायची होती. म्हणजे कॅमेरा दोष शोधायचा आणि भरतेश सही करायचा. पण डोळा तयार होता. "म्हणजे कापडात दोष राहणार," तो म्हणाला.

"दोष नाही हो. एक रंग कमी."

"आमच्याकडं त्यालाच दोष म्हणतात."

केतकी हसल्या. "तुमची टोचणी कुठली?"

भरतेशने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कांदाभजी."

गेल्या वर्षी पर्वाच्या सातव्या दिवशी, त्रिशला दिवसातून एकदाच जेवत असताना, भरतेशने एसटी स्टँडच्या मागे उभं राहून दोन प्लेट कांदाभजी खाल्ली होती. घरी तोंडाचा वास आला तेव्हा खोकल्याचं नवीन आयुर्वेदिक औषध आहे असं सांगितलं होतं. त्रिशलाने त्या औषधाचं नाव विचारून ते आपल्या आईला कळवलं होतं. सासूबाई आजतागायत ते औषध शोधत होत्या.

"अगदी योग्य आकार," केतकी म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण बसवलं. "आता ती भजी डोळ्यांपुढे आणा. बारकाईने."

भरतेशने आणली. कढई, वर्तमानपत्राचा कागद, कागदावर पसरत जाणारा तेलाचा डाग, वर तळलेली मिरची. पोटात बारीकसा खड्डा पडला. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

आणि तेवढ्यात पडद्यापलीकडे 'यंत्रमागाचा इतिहास' सुरू झाला.

ही चूक फक्त इथंच होऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही गावात आठवणींच्या खुर्चीशेजारी चालू माग ठेवला असता तर लोकांना नुसता आवाज आला असता. इचलकरंजीत तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचं निम्मं आयुष्य त्या खटक्यात गुंडाळलेलं आहे. केतकींना वाटलं होतं की कान झाकले म्हणजे झालं. पण धोट्याच्या मागाचा खटका कानाने ऐकायचा नसतोच. तो फरशीतून तळपायात येतो आणि गुडघ्यावाटे वर चढतो. खट्टाक-खट, खट्टाक-खट. भजी विझली. तिथं चार नंबर उभा राहिला. ट्यूबलाइट, कापसाची धूळ, आणि एकदम थांबलेला खटका, आणि जमिनीवर बसलेला अन्वर, चेहऱ्यावर दोन्ही हात, बोटांमधून येणारं रक्त, आणि तो म्हणत होता, "काय झालं न्हाई, काय झालं न्हाई."

यंत्रावरचा दिवा लाल होऊन पुन्हा हिरवा झाला. यंत्राला भजी आणि डोळा यांतला फरक कळत नाही. समोर येईल ती टोचणी ते काढतं.

वीस मिनिटांनी केतकींनी विचारलं, "काय वाटतंय?"

भरतेशने विचार केला. "भूक लागलीय," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आठ लोक त्या खुर्चीत बसले. पुढचा महिना गाव जरा विचित्र वागलं. एक गृहस्थ तेरा वर्षांपूर्वी मोडलेल्या सोयरिकीच्या घरी सहज चहाला जाऊन आले. सदलगे सर वार्षिक परीक्षेत नापास केलेल्या एका विद्यार्थ्याला दर दिवाळीला फराळ पाठवायचे. तो त्यांनी बंद केला आणि त्या विद्यार्थ्याच्या घरी, तो आता दोन मुलांचा बाप होता, मोठीच पंचाईत झाली. पण आपला विषय भरतेश.

भरतेशला पहिला आठवडा काही कळलंच नाही. तो मजेत होता. दाढी करताना शीळ घालायचा. खुर्चीनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी साडेचार वाजता तो पंख्याखाली कलिंगड खात बसला होता. त्रिशला दारात उभी राहिली.

"आज शुक्रवार."

"हो की."

"अन्वरभावजी बोर्ड मांडून बसले असतील."

"बसू दे. पुढच्या आठवड्यात जातो. एकतर हरून हरून कंटाळा आलाय."

त्रिशला त्याच्याकडे बघत राहिली. गणिताची बाई, उत्तर चुकलेलं तिला लगेच दिसायचं, पायरी सापडायला वेळ लागायचा. "आपल्या लग्नाच्या शुक्रवारीसुद्धा तुम्ही मांडवातून उठून गेला होता," ती म्हणाली. "माझे मामा अजून बोलतात. आणि आज कलिंगड खाताय?"

भरतेशने मनात चाचपून पाहिलं. चार नंबर होता. डोळा होता. 'गेला' हा शब्दही होता, जसाच्या तसा. पण ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी घराण्याचा इतिहास वाचावा तसं होतं. सनावळ्या बरोबर, रडू येण्याचं कारण नाही. मग त्याने भजी आठवली. भजीने त्याच्या पोटात असा काही खड्डा पडला की हातातली कलिंगडाची फोड खाली ठेवावी लागली.

काय झालं ते त्याला तेव्हा कळलं.

कळल्यावर त्याला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटेना. आणि ते वाटत नाही याचं मात्र वाटायला लागलं. ही टोचणी नवी होती, खुर्चीत बसलेली नव्हती, तिच्यात धार होती. पण ती डोळ्याची नव्हती. डोळ्याबद्दल काही वाटत नसल्याची होती. नात्याने चुलत म्हणा. त्रिशलाला त्याने खुर्चीचं सांगितलं, कशाची टोचणी गेली ते सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "जे काय असेल ते, क्षमावणीला तरी जा."

पर्व आलं, दहा दिवस झाले. या वर्षी भरतेशने एकही भजी खाल्ली नाही, कारण भजीला आता तो घाबरायला लागला होता. क्षमावणी शुक्रवारीच आली. चारला तो अन्वरच्या दारात होता. मध्ये पाच शुक्रवार रिकामे गेले होते.

"या पंच," अन्वर म्हणाला. मान वर केली नाही. भिंगातून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात बघत होता. "वाटलं, वारलास. पण मयताचा मेसेज आला न्हाई."

"काम होतं."

"हां. कॅमेऱ्याला सही शिकवत असशील." त्याने भिंग काढलं. "चल. पावडर टाकलीया."

बोर्ड मांडलेला होता. बोर्डाच्या कडेला पावडरीचे पाच थर होते. आधीच्या पाच शुक्रवारचे कुणी पुसले नव्हते. भरतेशला ते दिसले. दिसले एवढंच.

तो हरायच्याच बेताने बसला होता, हे त्याच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. पण हरण्यासाठी पोटातून जे काहीतरी मनगटाला अडवायचं, ते आता तिथं नव्हतं. स्ट्रायकर हातात घेतला की समोर सोंगटी, मागे भोक, मध्ये काही नाही. पहिल्या बोर्डात राणी त्याने घेतली, कव्हरही केली. अन्वरच्या सहा सोंगट्या राहिल्या. दुसऱ्यात सात. अन्वर उजवा डोळा बारीक करून भरतेशच्या हाताकडे बघत होता. मधून शाहीनभाभी चहा ठेवून गेल्या. तिसऱ्या आणि चौथ्या बोर्डात उरलेलं आटपलं. चहावर साय धरली.

पंचवीस-शून्य.

"झालं," भरतेश म्हणाला. आणि आज कोणता दिवस आहे ते आठवून, सोंगट्या गोळा करता करता म्हणाला, "बरं, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असंल तर उत्तम क्षमा."

अन्वरने 'केली' म्हटलं नाही.

खोलीत जागा रिकामी राहिली आणि भरतेशने ती भरून टाकली. एकोणीस वर्षं जो शब्द घशापर्यंत येऊन परत जायचा, त्याला आता अडवणारं कुणी नव्हतं. "आणि एक सांगायचं राहिलंतं," तो म्हणाला. "चार नंबरला जॉबर बोलवायचा होता. मी बोलवला न्हाई, आणि आप्पांना सांगितलं येऊन गेला म्हणून. त्यातच तुझा डोळा गेला. तेवढं एक होतं."

आणि त्याने चहावरची साय बोटाने बाजूला केली.

अन्वरने स्ट्रायकर बोर्डाच्या मधोमध ठेवला. बराच वेळ तो सरळ करत राहिला, जणू तो वाकडा होता.

"वीजबिल वाचल्यासारखं सांगितलंस की रं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मला माहीत हाय ते. बाळू जॉबर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आलता. पाय धरून म्हणाला, मला कुणी बोलवलंच न्हवतं, माझ्यावर घालू नगा. म्हटलं, मग भरत कुठं होता? तर म्हणाला, मैदानावर. पंच म्हणून." अन्वरने वर पाहिलं. "तुला पंच का म्हणतो मी? कधी इचारलंस?"

भरतेशच्या हातातली सोंगटी हातातच राहिली. "एकोणीस वर्षं?"

"मग? हाक मारत व्हतो तुला. दर शुक्रवारी. म्हटलं आज सांगंल, उद्या सांगंल. तू यायचास, बसायचास, हरायचास. हरताना तुझं तोंड असं व्हायचं, भावा, की मला वाटायचं, हाय, आत हाय अजून. मी कवा जिंकायला बसलो न्हाई. तुझं हरणं बघायला बसायचो. आणि तू सांगितलंस की काय बोलायचं, तेबी ठरवून ठिवलंतं."

"काय?"

"आता कशाला सांगू?" अन्वर म्हणाला. "ज्याच्यासाठी ठिवलंतं तो हितं न्हाई."

मग भरतेशने खुर्चीचं सांगितलं. भजीसाठी बसलो होतो, शेजारी माग चालू झाला, यंत्राने भलतंच काढून नेलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते एखाद्या मूर्ख माणसाची हकीकत वाटत होतं. अन्वरने सगळं ऐकून घेतलं.

"वीस मिनिटांत काढलं?"

"हो."

"बसून?"

"हो."

"माझा डोळा गेला तवा मला कुणी खुर्ची दिली न्हवती," अन्वर म्हणाला.

या वाक्यावर रडायलाच हवं होतं. भरतेशला ते स्पष्ट दिसत होतं, जसा कापडातला दोष दिसायचा. त्याने प्रयत्न केला. चार नंबर आठवला, बोटांमधलं रक्त आठवलं, 'काय झालं न्हाई' आठवलं. डोळे कोरडे. समोर एकच डोळा असलेला माणूस, आणि आपले दोन असून एकातूनही थेंब निघू नये, ही गोष्ट त्याला फार असभ्य वाटली. शेवटी नाइलाजाने त्याने भजी आठवली. तेलाचा डाग. मिरची. जगात कुठेच नसलेलं ते औषध शोधत औषधाच्या दुकानांतून हिंडणाऱ्या सासूबाई. आणि त्याचे डोळे भरून आले. खरोखर आले. गालावरून पाणी ओघळून हनुवटीवर थांबलं.

अन्वर पुढे वाकला. त्याने घड्याळवाल्या उजव्या डोळ्याने ते पाणी अगदी जवळून तपासलं.

"कशाचं आठवून रडतोयस?"

खोटं बोलणं शक्य होतं. एक शब्द पुरला असता. मागच्या वेळी एकच शब्द पुरला होता.

"कांदाभजी," भरतेश म्हणाला.

अन्वर हसायला लागला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तो बोर्डावर डोकं टेकून हसला, इतका की शाहीनभाभी आतून बघायला आल्या. तो उठून बसला तेव्हा त्याच्या कपाळाला पावडर लागली होती आणि उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते कशाचं होतं ते भरतेशला विचारता आलं नाही. विचारायचा हक्क आता आपल्याकडे नाही, एवढं त्याला कळलं.

"काय झालं वो?" भाभींनी विचारलं.

"काय झालं न्हाई," अन्वर म्हणाला. भाभी गेल्यावर तो भरतेशकडे वळला. "हे पंचवीस-शून्य कुणाला सांगायचं न्हाई. झालंच न्हाई. कळलं?"

"कळलं."

"आणि तू जे सांगितलंस तेबी झालं न्हाई. ते नीट सांगायचं राहिलंय अजून." त्याने बोर्ड भिंतीला उभा केला. "जा. मिळालं परत, की ये. मी शुक्रवारी हितंच असतो. नाहीतर कुठं जाणार, आं?"

भरतेशने त्याच दिवशी केतकींना फोन लावला.

"परत?" त्या म्हणाल्या. "अहो, आम्ही ती काढून बाटलीत भरून नाही ठेवली. ती विणली गेली नाही, एवढंच. नसलेला धागा कुठून आणू?"

"नवीन विणता येईल?"

"वारंवार आठवत राहा. मन लावून. कदाचित येईल." त्यांच्या आवाजातला उत्साह गेला होता. "खरं सांगू? टोचणी परत मागायला आजवर कुणीच आलं नाही. त्यामुळे आमच्याकडे त्याचे आकडे नाहीत. तुमच्या शेजारी माग ठेवायला नको होता. तेवढी चूक आमची. मला त्याचं फार..." त्या अडखळल्या. "सोडा. त्याच रात्री त्या मागाच्या चुकीसाठी मीही बसले होते त्या खुर्चीत."

तेव्हापासून भरतेश रोज सकाळी माळ्यावरून काढलेला एक जुना धोटा हातात घेऊन पंधरा मिनिटं बसतो. लोखंडी अणीवर अंगठा ठेवतो. आठवतो. त्रिशलाला त्याने सगळं सांगून टाकलं, भजीसकट. भजीबद्दल ती तीन दिवस बोलली नाही. डोळ्याबद्दल ती फक्त त्याच्या शेजारी येऊन बसते, आणि तिलाच रडू येतं, आणि भरतेश तिच्याकडे हेव्याने बघतो. एकदा गेल्या मंगळवारी त्याला पोटात काहीतरी हलल्यासारखं वाटलं. तो आशेने उठला. ती भूक निघाली.

शेवटी जे सगळे करतात ते त्याने केलं. अर्ज केला.

प्रति,
मा. अध्यक्ष,
विज्ञान महोत्सव समिती.

विषय: विज्ञानसंध्येत गहाळ झालेली टोचणी परत मिळणेबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार भरतेश आदगोंडा मगदूम, वय एकोणचाळीस, अर्ज करतो की, आपल्या महोत्सवातील 'निःशल्य' या खुर्चीत माझी लहान टोचणी (कांदाभजी) काढण्याऐवजी शेजारील माग चालू झाल्याने माझी मोठी टोचणी (चार नंबरचा माग) काढली गेली आहे. मोठ्या टोचण्या स्वीकारल्या जाणार नाहीत असे आपल्याच फलकावर नमूद असल्याने सदर स्वीकृती नियमबाह्य आहे. तरी माझी मूळ टोचणी असेल त्या स्थितीत परत मिळावी. ती बोथट झाली असल्यास धार लावून घेण्यास मी तयार आहे. बदल्यात कांदाभजीची टोचणी मूळ प्रतीत जमा करत आहे. ती चांगल्या अवस्थेत असून अलीकडेच वापरलेली आहे.

तसेच क्षमावणीच्या दिवशी माझ्याकडून झालेला पंचवीस-शून्य हा निकाल झालाच नाही, आणि त्याच वेळी मी जे बोललो ते मी अद्याप बोललेलो नाही, असे प्रमाणपत्र समितीच्या शिक्क्यानिशी मिळावे.

माझे मित्र श्री. अन्वर मोमीन हे दर शुक्रवारी बोर्ड मांडून, पावडर टाकून बसतात. हवा दमट असल्याने पावडर फार वेळ टिकत नाही. तरी सदर अर्जाचा निकाल येत्या शुक्रवारी दुपारी चारच्या आत लागावा, ही नम्र विनंती.